भयप्रधान व्हिडिओ गेमचे विपणन

प्रौढांसाठीच्या भयप्रधान व्हिडिओ गेमचा खेळाडूवर्ग ठरवून त्यानुसार प्रसिद्धी आखण्याची प्रक्रिया. अमेरिकेत १९९४ मध्ये ईएसआरबी ही वयश्रेणी देणारी संस्था स्थापन झाली. तिची ‘एम’ श्रेणी १७ वर्षे व त्यावरील खेळाडूंसाठी असते (पहा : वयश्रेणी). तरीही ‘डेड स्पेस २’ (२०११) या ‘एम’ श्रेणीच्या खेळाच्या जाहिरातींत खेळ पाहून आयांना वाटणारी किळस दाखवली होती. आईची नापसंती हे आमिष मुख्यतः किशोरांनाच भुलवते, म्हणून खेळाडूवर्ग जाहिरातीआधी ठरायला हवा. श्रेणी पाळल्यास ग्राहक घटतो, हा आक्षेप अपुरा आहे : ‘रेसिडेंट ईव्हिल ७’ (२०१७) जपानमध्ये दोन श्रेणींच्या स्वतंत्र आवृत्त्यांत निघाला, म्हणजे श्रेणी पाळूनही वेगवेगळ्या खेळाडूवर्गांसाठी खेळ काढता येतो. ‘अ‍ॅम्नेशिया : द डार्क डिसेंट’ (२०१०) तर खेळाडूंच्या घाबरलेल्या प्रतिक्रियांच्या यूट्यूब चित्रफितींतून पसरला, मात्र तिथे प्रेक्षकाच्या वयावर निर्मात्याचे नियंत्रण उरत नाही (पहा : समाजमाध्यमे).