वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा इतिहास : आराखडा बदलला, तयारी बदलली

प्रस्तावना

महाराष्ट्रात डॉक्टर होऊ पाहणारा विद्यार्थी आज ‘नीट’ची तयारी करतो. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे विद्यार्थी ‘सीईटी’ची तयारी करत असत. त्याही आधीच्या पिढीत बारावीचे गुण हीच प्रवेशपरीक्षा होती. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे विषय तिन्ही पिढ्यांना सारखेच होते, तरी प्रत्येकीची तयारी निराळी होती.

या टिपणाचा मुख्य मुद्दा असा : प्रवेशपरीक्षा विद्यार्थ्याचे ज्ञान मोजते, आणि त्याचबरोबर तो दोन वर्षे काय शिकेल व कसे शिकेल हेही ठरवते. त्यामुळे तिचा आराखडा बदलला की कोणाची तरी तयारी वाया जाते आणि कोणाला तरी आयता फायदा मिळतो. विज्ञानातील तर्कशक्ती तपासण्याचा प्रश्न या सगळ्या बदलांत नेमका कुठे राहिला, तेही आपण पाहणार आहोत.

१. पहिली चाळणी भाषेची

मुंबईत १८२६ साली ‘नेटिव्ह मेडिकल स्कूल’ सुरू झाले. जॉन मॅक्लेनन हे त्याचे प्रमुख होते. शिक्षण देशी भाषांतून होते आणि त्यासाठी वैद्यकाची पुस्तके मराठीत आणण्याचे कामही झाले. पण १८३२ साली ही शाळा बंद पडली. त्यानंतर १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज उघडले, ते इंग्रजी माध्यमाचे. १८५१ साली बाहेर पडलेल्या त्याच्या पहिल्या पदवीधरांत भाऊ दाजी आणि आत्माराम पांडुरंग होते. म्हणजे शरीरशास्त्राच्या आधी इंग्रजी येणे ही वैद्यकाच्या विद्यार्थ्याची पहिली कसोटी ठरली.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. शाळा संपल्याचा दाखला असा मॅट्रिकचा अर्थ पुढे रूढ झाला, पण मुळात ती विद्यापीठाची प्रवेशपरीक्षाच होती. उत्तरे लिहून द्यायची आणि परीक्षकाने ती वाचून गुण द्यायचे, ही पद्धत तेव्हापासून पुढे शंभरावर वर्षे चालली.

२. बारावीचे गुण आणि लातूर

स्वातंत्र्यानंतर प्रथम इंटर सायन्सचे आणि दहा अधिक दोन ही रचना आल्यावर बारावीचे गुण पाहून वैद्यकीय प्रवेश मिळू लागले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंत महाराष्ट्रात हेच चालले. या पद्धतीत तयारी म्हणजे पाठ्यपुस्तक पक्के करणे, आकृती नेटकी काढणे, व्याख्या पुस्तकातल्या शब्दांत लिहिणे आणि तीन तासांत पेपर पुरा करणे.

ही गोष्ट लातूरच्या शिक्षकांनी फार लवकर ओळखली. राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० साली सुरू झाले. जनार्दन वाघमारे हे त्याचे संस्थापक प्राचार्य. पुढे शाहू आणि दयानंद यांसारख्या महाविद्यालयांतून जी शिस्त घडली तिला ‘लातूर पॅटर्न’ हे नाव पडले. तिच्यात गूढ असे काही नव्हते. अभ्यासक्रम लवकर संपवायचा, उरलेल्या वेळात चाचण्यांवर चाचण्या घ्यायच्या, तपासलेला पेपर विद्यार्थ्याला परत देऊन गुण कुठे गेले ते दाखवायचे आणि पुन्हा लिहून घ्यायचे. मुंबई-पुण्याच्या मुलांना मिळणारे वातावरण नसलेल्या मराठवाड्यातल्या मुलांसाठी ही मोठीच वाट होती.

मात्र गुण मिळाले तरी जागा मिळेलच असे नव्हते. राज्यात ७०:३० चे सूत्र होते : महाविद्यालयातल्या ७० टक्के जागा त्या विभागातल्या विद्यार्थ्यांना आणि ३० टक्के संपूर्ण राज्याला. मराठवाड्यात वैद्यकीय महाविद्यालये कमी होती, त्यामुळे तिथे चुरस जास्त असे. लातूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ साली आले आणि ७०:३० चे सूत्र २०२० साली रद्द झाले.

३. पर्यायी उत्तरांची पद्धत कुठून आली?

चार पर्यायांतून एक निवडण्याची पद्धत अमेरिकेत रुजली. कॅन्सस राज्यातील फ्रेडरिक केली यांनी १९१४-१५ च्या सुमारास वाचनाची अशी चाचणी तयार केली. एकाच उत्तराला दोन शिक्षक वेगवेगळे गुण देतात, ही त्यांची अडचण होती. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने याच तऱ्हेच्या चाचण्या सुमारे १७ लाख जणांना दिल्या. १९३८ साली आयबीएमचे ‘८०५’ हे यंत्र आले. पेन्सिलीच्या शिशातील ग्रॅफाइट विजेचा वाहक असतो, एवढ्याच गुणधर्मावर ते खुणा मोजत असे. आजची ओएमआर पत्रिका प्रकाशाने वाचली जाते, पण कल्पना तीच आहे.

वैद्यकीय प्रवेशासाठी अशी चाचणी १९२८ साली मॉस यांनी तयार केली. त्या काळी अमेरिकेतल्या काही वैद्यकीय महाविद्यालयांत विद्यार्थ्यांची गळती निम्म्यापर्यंत जात असे. मॉस यांच्या चाचणीत विज्ञानाच्या माहितीबरोबर उतारा समजणे आणि तार्किक विचार यांचेही भाग होते. याच परीक्षेला पुढे ‘एमकॅट’ हे नाव मिळाले. २०१५ पासून तिच्या चार भागांपैकी एक पूर्ण भाग उताऱ्यांच्या चिकित्सक वाचनाचा आणि तर्काचा आहे.

भारताने यातले पर्याय घेतले, तर्काचा भाग मात्र फारच थोडा घेतला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८४ आणि १९८६ च्या निर्णयांतून अखिल भारतीय १५ टक्के कोटा आला. त्यासाठी सीबीएसईची परीक्षा १९८८ पासून सुरू झाली. राज्याच्या जागांसाठी महाराष्ट्राची सीईटी त्यानंतर आली.

४. तर्क कुठे तपासला गेला?

तर्काला स्वतंत्र जागा देणाऱ्या परीक्षा मोजक्याच होत्या. दिल्लीच्या एम्सच्या २०० प्रश्नांपैकी अखेरच्या वर्षांत १० प्रश्न कल आणि तार्किक विचाराचे असत. पुदुच्चेरीच्या जिपमरमध्येही २०० पैकी १० प्रश्न तर्क आणि संख्यात्मक विचाराचे होते. २०२० पासून या दोन्ही परीक्षा नीटमध्ये विलीन झाल्या. पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयाने (एएफएमसी, स्थापना १९४८) मात्र नीटच्या गुणांबरोबर इंग्रजी, आकलन आणि तर्क यांची वेगळी चाचणी ठेवली आहे. तीत ३० मिनिटांत ४० प्रश्न असतात.

विज्ञानाच्या प्रश्नातच तर्क तपासण्याचा एक प्रकार एम्सने रूढ केला, तो म्हणजे ‘विधान आणि कारण’. दोन उदाहरणे पाहा.

पहिले. विधान : उंच डोंगरावर उघड्या भांड्यात भात शिजायला जास्त वेळ लागतो. कारण : उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने पाण्याचा उत्कलनबिंदू खाली येतो.

दुसरे. विधान : माणसाच्या परिपक्व लाल रक्तपेशीत केंद्रक नसते. कारण : लाल रक्तपेशी अस्थिमज्जेत तयार होतात.

चारही वाक्ये खरी आहेत. पहिल्या जोडीत कारण हे विधानाचे स्पष्टीकरण आहे, दुसऱ्या जोडीत नाही. अस्थिमज्जेत तर पांढऱ्या पेशीही तयार होतात आणि त्यांना केंद्रक असते. ज्याने ही वाक्ये नुसती पाठ केली आहेत तो दुसऱ्या जोडीत फसतो. ‘हे खरे आहे’ आणि ‘हे त्याचे कारण आहे’ यांतला फरक डॉक्टरला रोज करावा लागतो. ताप आणि पुरळ एकाच रुग्णात दिसले म्हणून एकामुळे दुसरे झाले असे ठरत नाही. अलीकडे नीटमध्येही असे प्रश्न येतात.

५. २०१६ चा उन्हाळा

आराखडा बदलण्याची किंमत किती असते, हे महाराष्ट्राने २०१६ साली पाहिले. नीट पहिल्यांदा ५ मे २०१३ रोजी झाली होती, पण १८ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती दोन विरुद्ध एक मताने रद्द ठरवली. ११ एप्रिल २०१६ रोजी न्यायालयाने तो निर्णय मागे घेतला आणि २८ एप्रिलला त्याच वर्षी नीट घेण्याचा आदेश दिला. पहिला टप्पा १ मे, दुसरा २४ जुलै. महाराष्ट्राची सीईटी ५ मे रोजी ठरलेली होती.

दोन परीक्षांतले अंतर लक्षात घ्या. सीईटी राज्य मंडळाच्या बारावीच्या अभ्यासक्रमावर होती आणि तीत चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नसत. नीट अकरावी आणि बारावी अशा दोन्ही वर्षांवर होती, तिचा कल एनसीईआरटीच्या पुस्तकांकडे होता आणि चुकीला एक गुण वजा होता. अकरावी बाजूला ठेवून बारावीवर भर दिलेल्या मुलांना आठवडाभरात दुसरीच परीक्षा समोर दिसू लागली. सीईटी ठरल्या दिवशी झाली, पण तिचे गुण उपयोगी पडणार की नाही हे मुलांना पेपर लिहिताना माहीत नव्हते. २४ मे रोजी अध्यादेश निघाला आणि राज्य कोट्याच्या जागांसाठी त्या वर्षापुरती राज्याची परीक्षा ग्राह्य धरली गेली. खासगी संस्थांच्या उरलेल्या जागांसाठी व अभिमत विद्यापीठांसाठी नीट लागू राहिली. पुढच्या वर्षापासून सगळ्यांना नीटच.

देशभर एकच परीक्षा घेण्यामागे सबळ कारणे होती. पूर्वी एकेक विद्यार्थी अनेक फॉर्म भरत असे, गावोगाव परीक्षेला फिरत असे, आणि काही खासगी संस्थांच्या स्वतःच्या परीक्षांवर कोणाचा फारसा विश्वास नव्हता. तक्रार होती ती तयारीला वेळ न देण्याबद्दल.

६. वजा गुणांचे गणित

नीटमध्ये बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीला १ वजा होतो. काहीच येत नसताना चारांपैकी एक पर्याय डोळे मिटून निवडला, तर सरासरी लाभ (१/४ × ४) − (३/४ × १) = ०.२५ गुण. म्हणजे निव्वळ अंदाजही किंचित फायद्याचा आहे. एम्सच्या परीक्षेत बरोबर उत्तराला १ गुण मिळे आणि चुकीला १/३ वजा होई. तिथे सरासरी लाभ (१/४) − (३/४ × १/३) = ०, म्हणून अंदाजाचा उपयोग शून्य.

नीटमध्ये एक पर्याय खात्रीने खोडता आला तर सरासरी लाभ ०.६७ होतो, दोन खोडता आले तर १.५. पर्याय खोडणे हेच तर्काचे काम आहे. एकक जुळत नाही, चिन्ह उलटे आहे, उत्तर अवास्तव मोठे आहे, हे ओळखले की पर्याय गळतात. मात्र १८० मिनिटांत १८० प्रश्न असल्याने विचाराला सरासरी एकच मिनिट मिळते. म्हणून ही सवय परीक्षेच्या खूप आधी, वेळ न लावता सोडवलेल्या प्रश्नांतून लागायला हवी.

७. पुन्हा भाषा

२०१७ पासून नीटची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. त्या पहिल्या वर्षी काही भारतीय भाषांतल्या प्रश्नपत्रिका इंग्रजीहून वेगळ्या निघाल्या आणि वाद झाला. पुढे सर्व भाषांत तेच प्रश्न आले. भाषांतरात शंका असल्यास इंग्रजी मजकूर अंतिम मानतात. दुसरी मर्यादा अशी, की मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातल्या केंद्रांवरच मिळते.

महाराष्ट्राबाहेर राहिले की याचा अर्थ कळतो. मी हे टिपण चंदीगडमध्ये लिहीत आहे. इथल्या सेक्टर ३० मध्ये केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटना आहे. १९५९ साली दिल्लीत स्थापन झालेली ही प्रयोगशाळा १९६२ मध्ये चंदीगडला आली. केंद्र सरकारच्या अशा संस्थांत आणि सैन्यात नोकरी करणारी मराठी घरे या शहरात आहेत. त्यांच्या मुलांना सीबीएसई शाळेमुळे एनसीईआरटीची पुस्तके आयती मिळतात, सेक्टर ३४ मधले क्लासही जवळच आहेत. पण इथल्या केंद्रावर त्यांना पेपर मराठीतून देता येत नाही. शिवाय महाराष्ट्राच्या राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून झालेली असावी लागते. सरकारी नोकरांच्या मुलांना काही सवलती आहेत, पण त्यांच्या अटी अकरावीच्या आधीच वाचून ठेवाव्यात. बदलीच्या नोकरीत शाळा कुठली, हा निर्णयही प्रवेशाच्या तयारीचाच भाग ठरतो.

समारोप

१८४५ साली इंग्रजी ही चाळणी होती, १९८० च्या दशकात सुवाच्य आणि अचूक लेखन, सीईटीच्या काळात बारावीचे पुस्तक आणि आज मिनिटाला एक प्रश्न. प्रत्येक आराखड्याने एका प्रकारच्या विद्यार्थ्याला पुढे आणले आणि दुसऱ्याला मागे ठेवले. लातूरचे शिक्षक यशस्वी झाले ते मुलांना परीक्षेची रचना उघड करून सांगितल्यामुळे. ती माहिती ज्या घरात आपोआप पोहोचत नाही, तिथे ती पोहोचवणे हे शिक्षकाचे काम आहे. आणि आराखडा कोणताही असला तरी ‘हे त्याचे कारण आहे का?’ हा प्रश्न विचारण्याची सवय वाया जात नाही.

विचारासाठी प्रश्न

१. नीटमध्ये अंदाजाचा सरासरी लाभ शून्य करायचा असेल तर चुकीच्या उत्तराला किती गुण वजा करावे लागतील?

२. आपल्या पाठ्यपुस्तकातून दोन्ही वाक्ये खरी असलेली, पण एक दुसऱ्याचे कारण नसलेली ‘विधान-कारण’ जोडी तयार करा.

३. लेखी उत्तरांची परीक्षा विद्यार्थ्याबद्दल असे काय सांगते, जे पर्यायी उत्तरांची परीक्षा सांगत नाही? याच्या उलट प्रश्नाचेही उत्तर लिहा.