८३२ बोल्टांची गोष्ट

आजचा भाग एका बोल्टवर आहे. जेमतेम बोटाएवढा, स्टेनलेस स्टीलचा. हसू नका, ऐका.

२०१६चा वसंत. अमेरिकेत हडसन नदीकाठच्या इंडियन पॉइंट अणुवीज केंद्राचं दोन नंबरचं युनिट इंधन बदलायला बंद होतं. १९७४ पासून चालू असलेलं. या रिॲक्टरमध्ये इंधनाभोवती स्टीलच्या प्लेटांची भिंत असते. पाणी इंधनामधूनच वर जावं, बाजूने निसटू नये, म्हणून. ही भिंत ८३२ बोल्टांनी धरलेली. तपासल्यावर त्यातले २२७ बाद धरावे लागले! काही कॅमेऱ्यातच तुटलेले दिसले, पण बहुतेकांची चीर अल्ट्रासाउंड लावल्यावरच कळली.

स्टेनलेस स्टील असं कसं तडकतं? बीटेकला मटेरियल सायन्स मी परीक्षेपुरतंच वाचलं आणि मग कोडिंगमध्ये शिरलो, त्यामुळे हे मला आत्ता कळतंय. न्यूट्रॉन वर्षानुवर्षं धातूतल्या अणूंना धक्के मारून जागेवरून उडवतात. धातू कडक होतो, ताणला की वाकायच्या ऐवजी चिरतो. स्टील आतून बारीक कणांचं असतं. त्या कणांच्या सीमांवरचं क्रोमियम कमी होत जातं, आणि गंजापासून वाचवणारं तेच. वर गरम पाणी आणि सततचा ताण. चीर कणांच्या सीमेसीमेने सरकते. एक बोल्ट तुटला की त्याचा भार शेजाऱ्यावर, मग तो जातो. इंडियन पॉइंटला तुटलेले बोल्ट असेच झुंडीने सापडले.

अशा चिरा १९६०च्या दशकातच इंधनाच्या स्टेनलेस नळ्यांमध्ये दिसल्या होत्या. आणि बोल्टांचं म्हणाल तर १९८०च्या दशकाअखेर फ्रान्समध्ये, ब्युझेच्या केंद्रात, हेच घडलं होतं. तिथे प्लेटांमागून पाणी खाली वाहायचं, त्या दाबाने बोल्ट ताणले जायचे. फ्रेंचांनी तशा रिॲक्टरांत प्रवाहच उलटा, वरच्या दिशेने केला. इंडियन पॉइंटला मात्र पाणी खालीच वाहत राहिलं.

अमेरिकेने काहीच केलं नाही असं नाही हं. १९९०च्या दशकाअखेर तिथल्या मोजक्या केंद्रांत बोल्ट तपासले गेले, नुकसान कमी निघालं, सगळे निवांत झाले. २०१० मध्ये मिशिगनच्या डी. सी. कुक केंद्रात तुटलेल्या बोल्टांचा पुंजका सापडला, तरी इंडियन पॉइंटची पाळी यायला सहा वर्षं गेली. मला इथे राग येतो. चार सिस्टिम तपासून पाचवीही ठीकच असेल म्हणणं आमच्या धंद्यातही चालतं, पण आमच्याकडे फार तर ॲप बंद पडतं. इथे मोठा पाइप फुटला किंवा भूकंप झाला, तर सैल प्लेटा इंधनावर आदळू शकतात.

नवे बोल्ट बसवून त्याच वर्षी युनिट पुन्हा सुरू झालं. २०२० मध्ये ते कायमचं बंद झालं, पण बोल्टांमुळे नाही. स्वस्त गॅस आणि न्यूयॉर्क राज्याशी झालेला करार, यामुळे.