सावलीच्या मधोमध उजेड



गेल्या आठवड्यात नातू आणि मी मिळून घरात एक उद्योग केला. सुनेच्या मते तो पसारा होता. त्याबद्दल शेवटी सांगतो, कारण आधी दोनशे वर्षांपूर्वीची पॅरिसमधली एक गोष्ट सांगायला हवी.

मी बी.ए. झालो तो मराठी आणि इतिहास घेऊन, तेही मराठी माध्यमातून. पण लहान गावातल्या शाळेत शिक्षक नेहमीच कमी. त्यामुळे सातवीचं गणित बरीच वर्षं माझ्याच गळ्यात होतं. मुलांना मी एक नियम घोटून घोटून शिकवला होता. उत्तर आलं की लगेच त्याच्याखाली दोन रेघा मारू नका, आधी त्याच्याकडे नीट बघा. बापाचं वय मुलापेक्षा कमी आलं, किंवा पाच माणसांचं काम करायला साडेतीन माणसं लागली, तर कुठेतरी चुकलंय. मागे जा. नियम काही वाईट नाही. याच नियमाने एका फार मोठ्या गणितज्ञाची फजिती कशी झाली, त्याची ही गोष्ट.

प्रकाश म्हणजे नक्की काय, यावर तेव्हा युरोपात दोन पक्ष होते. न्यूटनच्या मते प्रकाश म्हणजे अतिशय बारीक कणांचा मारा. हॉलंडच्या हायगेन्सने १६९० साली पुस्तक लिहून प्रकाश ही लाट आहे असं मांडलं होतं. लाटेविरुद्ध न्यूटनचा मुद्दा साधा आणि बिनतोड वाटणारा होता. आवाज ही लाट आहे, म्हणून तो कोपऱ्यावरून वळतो. (वाड्यात राहिलेल्यांना हे सांगायला नको. शेजारच्या खोलीतलं भांडण ऐकू येतं, दिसत मात्र नाही.) प्रकाश तसा वळत असता तर वस्तूंच्या सावल्या अशा स्वच्छ पडल्याच नसत्या. न्यूटनच्या नावाचा दबदबा एवढा की पुढची शंभर वर्षं कणांचाच पक्ष जोरात राहिला. इंग्लंडात टॉमस यंगने १८०१ पासून लाटेच्या बाजूने उत्तम पुरावे मांडले, तर ‘एडिंबरा रिव्ह्यू’मध्ये हेन्री ब्रूमने त्याची अशी टिंगल केली की बिचाऱ्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही.

आता आपला नायक. ऑगस्तँ फ्रेनेल, जन्म १७८८, नॉर्मंडीतलं ब्रोय नावाचं गाव. (मी त्याला अरेतुरे करतोय. पण तो एकोणचाळिसाव्या वर्षी गेला. म्हणजे माझ्या धाकट्या मुलाहून लहान. मला तरी ‘ते फ्रेनेल’ म्हणवत नाही.) त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या मित्राने, आरागोने, जे भाषण लिहिलं त्यात एक तपशील आहे, तो मला मास्तर म्हणून विसरता येत नाही. आठ वर्षांचा झाला तरी या मुलाला धड वाचता येत नव्हतं! भाषा विषय त्याच्या डोक्यात शिरत नसे. पण कुठल्या झाडाची फांदी धनुष्याला चांगली, कशाची नळी केली म्हणजे खेळातली बंदूक लांबवर मारा करते, याचा त्याने असा पद्धतशीर अभ्यास केला की ती खेळणी धोक्याची ठरली आणि गावातल्या आईबापांनी त्यांच्यावर बंदी घातली. बरोबरीची पोरं त्याला थोर बुद्धीचा म्हणत. घरातलं वाङ्मय त्याच्या वाट्याला आलं नाही, ते मामेभावाकडे गेलं. ‘कार्मेन’ लिहिणारा प्रॉस्पेर मेरिमे हा त्याचा मामेभाऊ.

फ्रेनेल शिकून सरकारी रस्ते-पुलांचा इंजिनियर झाला. १८१५ साली नेपोलियन एल्बा बेटावरून परत आला, तेव्हा हा अशक्त तरुण राजाच्या बाजूने लढायला जाऊन उभा राहिला. परिणाम व्हायचा तोच झाला. नोकरीतून दूर केलं आणि पोलिसांची नजर मागे लागली. मग तो काँजवळच्या माथिए गावी आईकडे जाऊन राहिला. तिथे हाताशी ना उपकरणं, ना पुस्तकं. त्याने मधाच्या थेंबाचं भिंग केलं आणि मोजमापाचं उपकरण गावातल्या कुलूपवाल्याकडून बनवून घेतलं. एवढ्या सामग्रीवर तो बारीक तारेच्या सावलीच्या कडांना दिसणारे उजेड-अंधाराचे पट्टे मोजत बसला. आपल्याकडे सक्तीच्या रजेवरचा माणूस काय करतो, ते आठवून पाहा. असो.

पुढे पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १८१७ मध्ये एक स्पर्धा जाहीर केली. विषय: कडेवरून जाताना प्रकाश वळतो, पट्टे पडतात, त्याचा उलगडा करा. प्रश्नाची भाषाच कणवाल्यांच्या सोयीची होती. परीक्षक पाच. लाप्लास, बिओ आणि पॉयसन हे तिघे कणांच्या पक्षाचे. गे-ल्युसाक रसायनातला माणूस, तटस्थ. आणि आरागो एकटा फ्रेनेलच्या बाजूचा. १८१८ च्या मुदतीत निबंध आले फक्त दोन आणि त्यातला एक फ्रेनेलचा.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. लाटेच्या पुढच्या कडेवरचा प्रत्येक बिंदू हा जणू नव्या लहान लाटांचं उगमस्थान असतो. (हे हायगेन्सचं.) त्या असंख्य लहान लाटा एखाद्या जागी पोचतात तेव्हा कुठे एकमेकींना साथ देतात, तिथे उजेड होतो. कुठे एकमेकींना मारतात, तिथे अंधार होतो. (हे यंगचं.) फ्रेनेलने या दोन्हींची सांगड घालून सगळ्या लाटांची बेरीज करण्याचं गणित बसवलं आणि सरळ कडेसाठी आकडेही हाताने काढले. ते मोजमापाशी जुळत होते.

आता पॉयसन. मूळ उच्चार प्वासाँ, आणि फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ मासा. गणितातला खरोखरच पट्टीचा पोहणारा. निबंधातली समीकरणं वाचताना त्याच्या लक्षात आलं की एका बाबतीत ही बेरीज अगदी सहज करता येते. ती बाब म्हणजे गोल चकतीच्या सावलीचा बरोबर मध्यबिंदू. त्याने ती केली. उत्तर आलं, सावलीच्या बरोबर मध्यभागी उजेड! तोही अंधूकसा नव्हे, तर चकती मुळी नसतीच तर जितका असता तितका.

चकती मध्ये धरली आहे. सावली पडली आहे. आणि सावलीत जिथे सर्वांत गडद काळोख असायला हवा, तिथे लख्ख ठिपका. अशी सावली कुणी पाहिली होती? माझा सातवीचा नियम लावा, म्हणजे निकाल उघड आहे. उत्तर अशक्य आलं, तेव्हा गणित चुकलं. गणित तर पॉयसनने स्वतः केलेलं, ते चुकणार नाही. मग ज्या कल्पनेतून ते आलं ती लाटच खोटी.

इथे माझी चूक सांगतो.

एकदा सातवीत गंमत म्हणून मी एक कोडं घातलं. पृथ्वीच्या पोटाला विषुववृत्तावर दोरी घट्ट बांधली. मग तीच दोरी एक मीटरने वाढवली आणि सगळीकडे सारखी सैल केली. ती जमिनीपासून किती वर उचलली जाईल? माझ्या डोक्यात उत्तर तयार होतं: जवळजवळ काहीच नाही. एका मुलाने पाटीवर लिहून आणलं, सोळा सेंटिमीटर. मी पाटी उंच धरून वर्गाला दाखवली. म्हटलं, “चाळीस हजार किलोमीटरची दोरी, त्यात एक मीटर वाढवला, आणि हा म्हणतो खालून मांजर जाईल!” वर्ग खो खो हसला. पोरगा खाली बसला.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी हा किस्सा विज्ञानाच्या सरांना रंगवून सांगितला. ते हसले नाहीत. त्यांनी खडू घेतला. परीघ एक मीटरने वाढला तर त्रिज्या एक भागिले दोन पाय एवढी वाढते, म्हणजे ७/४४ मीटर, सुमारे सोळा सेंटिमीटर. पृथ्वी असो नाहीतर लिंबू, वाढ तेवढीच. मुलाच्या पाटीवर हेच दोन ओळींत लिहिलेलं होतं. मी फक्त खालचं उत्तर वाचलं होतं.

शाळा सुटल्यावर मी त्याला व्हरांड्यात गाठून सांगितलं, “बाळ, तुझं बरोबर होतं.” तो “हो सर” म्हणाला आणि गेला. वर्गाला मात्र मी ते कधीच सांगितलं नाही. उद्या सांगू, परवा सांगू म्हणता म्हणता वर्ष संपलं.

पॅरिसमध्ये काय झालं? आरागोने वाद घालत बसण्याऐवजी दोन मिलिमीटर व्यासाची धातूची चकती घेतली, मेणाने काचेवर चिकटवली आणि प्रयोग केला. सावलीच्या बरोबर मध्ये ठिपका होता. गोष्ट सांगणारे इथे बरंच नाट्य घालतात. पॉयसन विजयी मुद्रेने उभा राहिला, आरागो धावत आला वगैरे. प्रत्यक्ष अहवालात ते काही नाही. तिथे कोरडेपणाने एवढंच नोंदवलंय की परीक्षकांपैकी पॉयसन यांनी लेखकाच्या समीकरणांतून असा एक चमत्कारिक निष्कर्ष काढला, तो प्रयोगाने तपासला आणि पूर्ण खरा ठरला. मला हा कोरडेपणाच जास्त आवडतो. नाव घालून, छापून, सगळ्यांसमोर. मार्च १८१९ मध्ये बक्षीस फ्रेनेलला मिळालं.

ठिपका का पडतो हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. गोल पातेलं काठोकाठ पाण्याने भरा आणि बाहेरून त्याला हलकी टिचकी मारा. सगळ्या काठाकडून बारीक तरंग निघतात आणि मधोमध एकदम भेटून पाणी तिथे उसळतं. मध्यबिंदू काठापासून सगळीकडून सारख्या अंतरावर, म्हणून सगळ्या लाटा पावलाला पाऊल मिळवून एकदम पोचतात. चकतीच्या काठावरून येणाऱ्या प्रकाशाचंही तेच. मग चुलीसमोर धरलेल्या झाकणाच्या सावलीत हा ठिपका का दिसत नाही? कारण प्रकाशाची लाट मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या जेमतेम निम्मी असते. त्यासाठी काठ अगदी गुळगुळीत गोल हवा आणि उजेड एका बिंदूतून आल्यासारखा हवा. चुलीचा जाळ काय किंवा सूर्य काय, आपल्याला बिंदूएवढा दिसत नाही.

आणि खरी गंमत पुढेच आहे. हा ठिपका आधी दिसलेला होता! फ्रान्समध्येच दलिलने १७१५ साली आणि माराल्दीने १७२३ साली तो पाहून नोंदवला होता. पण त्याचं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून शंभर वर्षं तो कागदांत पडून राहिला. आज त्याला कुणी आरागोचा ठिपका म्हणतं, पण जास्त चालतं ते पॉयसनचंच नाव. ज्याला तो नको होता, त्याचंच नाव त्याला चिकटलं.

बक्षीस दिलं म्हणून परीक्षकांनी पक्ष बदलला असं समजू नका. १८२३ मध्येही पॉयसन फ्रेनेलशी वाद घालतच होता. बिओचंही मन वळलं नाही. त्याच वर्षी अकादमीने फ्रेनेलला एकमताने सभासद केलं आणि कॉर्दुआँच्या दीपगृहात त्याने बनवलेलं पायऱ्यापायऱ्यांचं भिंग लागलं. दीपगृहांत आजही त्याच्या नावाची भिंगं आहेत. पण क्षयाने त्याला गाठलं होतं. लंडनच्या रॉयल सोसायटीने दिलेलं पदक आरागोने त्याच्या अंथरुणाशी नेऊन दिलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १४ जुलै १८२७ ला, तो गेला.

पाण्यात प्रकाश मंद चालतो की जलद, हे मोजून वाद मिटवण्याचा प्रयोग आरागोने १८३८ साली सुचवला होता. १८५० मध्ये फूकोने तो करून दाखवला. प्रकाश पाण्यात मंदच निघाला, लाटवाले जिंकले. तोपर्यंत आरागोची स्वतःची दृष्टी अधू झाली होती.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण १९०५ मध्ये आइनस्टाइनने दाखवलं की प्रकाश काही बाबतींत कणांसारखाच वागतो. आणि १९०९ मध्ये केंब्रिजच्या टेलरने सुईच्या सावलीचे फोटो घेतले. उजेड इतका क्षीण की एका फोटोला तीन महिने लागले. प्रकाश जणू एकेक दाणा करून येत होता, तरी पट्टे तसेच उमटले. २००९ मध्ये तर प्रकाशाऐवजी रेणूंचा झोत सोडून, म्हणजे चक्क पदार्थाच्या कणांनी, हाच ठिपका मिळवला गेला. एकटा दाणा चकतीच्या सगळ्या काठांवरून एकदम कसा येतो, हे मला विचारू नका. मी दोन-तीन पुस्तकं वाचली. समीकरण कळल्यासारखं वाटतं, चित्र काही डोळ्यांपुढे येत नाही. नातू म्हणतो, कुणाच्याच येत नाही, आजोबा. ते खरं असावं.

तर आमचा उद्योग. सायकलच्या पुढच्या चाकातला एक छर्रा, तो मेणाने चिकटवायला फोटोफ्रेमची काच, स्वस्तात मिळतो तसला लाल लेसर (त्यात डोळा घालून बघू नये) आणि त्याचा झोत पसरायला एक छोटं भिंग. पहिल्या दिवशी काही दिसलं नाही, मेण छऱ्याच्या बाहेर आलं होतं. दुसऱ्या दिवशी हॉलमधले सगळे दिवे घालवले, पडदे ओढले. समोरच्या भिंतीवर लाल उजेडात छऱ्याची काळी गोल सावली पडली. जवळ जाऊन चष्मा पुसला. मधोमध मोहरीएवढा लाल ठिपका.

नातवाला मी तेव्हाच पाटीची गोष्ट सांगितली. त्याने विचारलं, “मग त्या मुलाचं नाव काय?” नाव मला आठवतं. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात सून आत आली, “अंधारात काय करताय दोघं?” म्हणाली आणि तिने दिवा लावला.