पाइप : छोट्या प्रोग्रामांची साखळी
‘पाइप’ ही युनिक्स संगणकप्रणालीतील, एका प्रोग्रामचे उत्तर थेट दुसऱ्यास पुरविणारी सोय होय. बागेतील नळीप्रमाणे प्रोग्राम जोडता यावेत, ही कल्पना अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डग्लस मॅक्इलरॉय यांनी १९६४ मध्ये मांडली. १९७३ मध्ये केन थॉम्पसन यांनी ती प्रत्यक्षात आणली. ‘सॉर्ट’ ओळी क्रमाने लावतो, ‘युनिक’ लागोपाठच्या सारख्या ओळींपैकी एकच ठेवतो, ‘डब्ल्यूसी’ उरलेल्या मोजतो. तिघे जोडले, की यादीत वेगवेगळी गावे किती, हे नवा प्रोग्राम न लिहिता कळते. साधा मजकूर ओळीओळीने घ्यावा आणि द्यावा, या एकाच संकेतावर ही साखळी उभी आहे. तिची मर्यादाही तेथेच आहे : ‘बेळगाव’ आणि ‘बेळगांव’ ही तिच्या लेखी दोन गावे ठरतात. लेखनातील एकवाक्यता माणसानेच राखावी लागते.