उष्णता सारखीच का?

वर्गात आपण फळ्यावर दोन समीकरणे लिहितो. हायड्रोक्लोरिक आम्ल व सोडिअम हायड्रॉक्साइड यांपासून मीठ आणि पाणी; नायट्रिक आम्ल व पोटॅशिअम हायड्रॉक्साइड यांपासून सोरा आणि पाणी. आम्ल वेगळे, अल्कली वेगळी, क्षारही वेगळा. पण विरल द्रावणे घेऊन उष्णता मोजली, तर दोन्ही वेळा तयार झालेल्या पाण्याच्या दर मोलमागे सुमारे ५७ किलोज्यूलच भरते. असे का?

एकोणिसाव्या शतकात याच्या जोडीला आणखी एक कोडे होते. सेंट पीटर्सबर्गच्या हेस यांना १८४२ मध्ये आढळले, की दोन उदासीन क्षारांची द्रावणे मिसळली आणि साका बसला नाही, तर उष्णतेत जवळजवळ फरक पडत नाही. कागदावर मात्र घटकांची अदलाबदल खुशाल दाखवता येते!

उत्तर आले ते विजेच्या अभ्यासातून. द्रावणांतून वीज कशी वाहते, यावर स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी १८८४ मध्ये उप्साला विद्यापीठाला प्रबंध सादर केला. परीक्षकांनी त्याला खालची श्रेणी दिली. रीगाच्या ओस्टवाल्ड यांनी मात्र त्याचे मोल ओळखले आणि ते त्याच वर्षी अऱ्हेनियसना भेटायला गेले. १८८७ मध्ये अऱ्हेनियस यांनी स्पष्ट मांडले, की मिठासारखे पदार्थ पाण्यात विरघळले की वीज सोडण्यापूर्वीच त्यांचे प्रभारित आयन सुटे होतात. पाण्यात पेट घेणारे सोडिअम पाण्यात सुटे कसे राहील, हा आक्षेप साहजिक होता. पण सोडिअमचा अणू आणि सोडिअमचा आयन यांचे गुणधर्म वेगळे असतात. १९०३ मध्ये याच सिद्धान्तासाठी अऱ्हेनियस यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता वरची समीकरणे आयनांच्या रूपात लिहून दोन्ही बाजूंना सारखे असलेले आयन खोडू. दोन्हींत उरते एकच:

हायड्रोजन आयन + हायड्रॉक्साइड आयन → पाणी

क्रिया एकच, म्हणून उष्णताही तेवढीच. हेस यांच्या मिश्रणात तर सगळेच खोडले जाते. म्हणजे क्रियाच होत नाही.

हे वर्गात करून पाहता येईल. मीठ आणि सोरा यांची विरल द्रावणे वेगवेगळी करावीत. सोरा विरघळताना पाणी गार होते, म्हणून दोन्ही द्रावणे खोलीच्या तापमानाला येऊ द्यावीत. मग ती मिसळून तापमापीकडे पाहावे. पारा जवळपास हलत नाही. त्यानंतर विद्यार्थ्यांना या मिश्रणाचे समीकरण लिहायला सांगावे आणि बाणाच्या उजवीकडे ते काय लिहितात ते पाहावे.