मोरीच्या पाण्यावरची भाजी

जुन्या मराठी घरात मागच्या दारी अळू हमखास असायचे. न्हाणीचे आणि मोरीचे पाणी छोट्या पाटाने तिकडे वळवलेले असे. कोकणात याच पाण्यावर केळी पोसत, कुडाच्या आधाराने पडवळ-दोडकी चढत. या बागेला कोणी आरोग्याची योजना म्हणत नव्हते. पाणी वाया घालवायचे नाही, घराभोवती साचू द्यायचे नाही आणि रोजच्या कालवणाला बाहेर जायची वेळ येऊ द्यायची नाही, एवढाच त्यामागचा व्यवहार होता.

पण परस असायला घरामागे जागा लागते आणि पाणीही लागते. नगर, बीड, उस्मानाबाद पट्ट्यातल्या अवर्षणी गावांत दोन्हींची वानवा होती. घरे एकमेकांना खेटून, त्यातही दलित वस्ती गावाबाहेर कोपऱ्यात. पिण्याचे पाणी मैलभरावरून डोक्यावर आणायचे आणि धुण्याभांड्यांचे पाणी मात्र गल्लीत सोडून द्यायचे. त्याची डबकी होत, डबक्यांत डास होत आणि तापाची साथ घरोघर फिरे. ताटात भाकरी आणि चटणी. हिरवा पाला पावसाळ्यात रानात मिळेल तेवढाच.

अशा मुलखात 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. दोघेही वेल्लोरच्या मेडिकल कॉलेजात शिकलेले. आधी नगर जिल्ह्यातच वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात त्यांनी काम केले होते. तिथे बरे करून पाठवलेले मूल काही महिन्यांनी त्याच जुलाबाने, त्याच अशक्तपणाने पुन्हा दारात येई. आजाराचे मूळ घरात असताना औषध रुग्णालयात ठेवून भागणार नाही, हे त्यांना तिथे उमगले. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले, ते याच कामासाठी.

आणि लगेच 1972 चा दुष्काळ पडला. मिलो नावाच्या तांबड्या ज्वारीच्या लाल भाकऱ्या, दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी, आटलेल्या विहिरी. लोकांनी आधी दवाखाना मागितला नाही, अन्न आणि पाणी मागितले. म्हणून आरोळ्यांच्या आरोग्य प्रकल्पाची सुरुवात मुलांच्या सामुदायिक जेवणापासून आणि कूपनलिकांपासून झाली. बरेच हातपंप दलित वस्तीत बसले आणि पाण्यासाठी सारे गाव तिकडे येऊ लागले. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरणे थांबले, तसा त्या पाण्यातून होणारा नारूचा रोगही हटत गेला.

गावात राहायला शिकलेल्या परिचारिका मिळेनात. मग गावातल्याच बाया निवडल्या. बहुतेक निरक्षर, अनेक दलित, काही परित्यक्ता. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, एकत्र जेवत, एका छताखाली निजत. जातीची शिवाशिव तिथे आधी मोडली. नाडी, ताप, बाळंतपण, दंडाचा घेर मोजून मुलाचे कुपोषण ओळखणे हे सगळे त्या शिकल्या आणि गावी जाऊन त्यांनी घरोघरी शिकवले. जुलाब लागलेल्या मुलाचे पाणी तोडायचे, गरोदर बाईने कमी खायचे म्हणजे बाळंतपण सोपे जाते, असे समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले होते. बाहेरच्या डॉक्टरने सांगून ते सुटले नसते. शेजारची बाई आपल्या नातवाला मीठसाखरेचे पाणी चमच्याने पाजते आणि पोर तरते, हे डोळ्यांनी पाहिल्यावर ते सुटले. या कामाचे खरे मोठेपण इथे आहे.

याच बायांनी शोषखड्डे आणि परसबागा घरोघरी नेल्या. खड्डा साधारण कमरेइतका खोल. तळाला मोठे दगड, त्यावर लहान, वर खडी आणि वाळू. तोंडाशी बुडाला भोके पाडलेले मडके, त्यात काथ्या किंवा गवत. साबणाचा मळ आणि खरकटे मडक्यात अडकते, पाणी खाली मुरते. गवत वेळोवेळी बदलावे लागते, नाहीतर खड्डा तुंबतो आणि पुन्हा डबके होते. खड्ड्याच्या ओलीवर पपई, केळ, शेवगा लावायचा आणि जागा असेल तिथे पालक, मेथीचा वाफा. ज्या पाण्यावर डास वाढत होते त्यावर आता रातांधळेपण टाळणारा पाला वाढू लागला. शेवग्याच्या पाल्यातले आणि पिकल्या पपईतले कॅरोटीन शरीरात गेले की त्याचे अ जीवनसत्त्व होते, मात्र ते अंगी लागायला थोडे तेल हवे. म्हणून नुसता पाला उकडून चालत नाही, फोडणी लागते.

प्रकल्पाच्या गावांत 1971 साली हजार जन्मांमागे 176 अर्भके दगावत. 1976 पर्यंत हा आकडा 52 वर आला. हे एकट्या भाजीच्या वाफ्याने घडले असे म्हणणे खोटे ठरेल. लसी, स्वच्छ पाणी, सुरक्षित बाळंतपण हे सारे बरोबरीने होते. पण लस टोचून घेणारे मूल पोटभर आणि चौरस जेवलेले असावे, ही जबाबदारी घराने उचलली म्हणून बाकीचे उपाय टिकले. जागतिक आरोग्य संघटनेने 1975 साली लोकांच्या हातून उभ्या राहिलेल्या आरोग्यसेवेवर पुस्तक काढले, त्यात जामखेडची हकिगत आहे. 1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पुढे ही रीत जामखेडपुरती राहिली नाही. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेऊन उघडी गटारे बंद केली, डास हटवले, आणि ते काम ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून राज्यभर गाजले. राज्याच्या ‘उमेद’ या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या बचत गटांनी पोषण परसबागा लावल्या, अंगणवाड्या आणि शाळांच्या आवारातही वाफे आले. सरकारी मोहिमेत एक अडचण कायम राहते: पाहणीच्या दिवशी बाग हिरवी, उन्हाळ्यात कोरडी. टिकते ती बाग मोरीच्या पाण्याला जोडलेली.

बागेला पाण्यासारखेच बियाणेही लागते. तो प्रश्न जामखेडच्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे यांनी हाती घेतला. नातवाच्या आजारपणानंतर फवारलेल्या विकतच्या भाजीकडे त्यांनी पाठ फिरवली आणि गावरान वाल, घेवडे, भोपळे, पालेभाज्यांचे वाण गोळा करायला लागल्या. त्यांच्या बीजबँकेच्या उभारणीला बाएफ या संस्थेची साथ मिळाली. 2020 साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा शाळेत कधी न गेलेल्या या बाईंचे नाव राज्यभर पोचले होते. त्यांच्या बियाण्याला पैसे पडत नाहीत. मूठभर बी नेणाऱ्या बाईने पीक आल्यावर दुप्पट आणून द्यायचे, एवढीच अट असते.