कायदा बदलला, हे आधी कोणाला कळते?

राज्य सरकारने कामगार कायद्यात बदल केला की मालकाला ते दुसऱ्याच दिवशी कळते. त्याच्याकडे लेबर कन्सल्टंट असतो, वकील असतो, व्यापारी संघटनेचे परिपत्रक येते. त्याच दुकानात बारा तास उभ्या असलेल्या आपल्या पोराला मात्र काही कळत नाही. कायदा दोघांसाठी असेल तर त्याची माहिती एकालाच का?

हा प्रश्न जुना आहे. मुंबई प्रांताने 1929 मध्ये गिरणी-कारखान्यातील स्त्रियांसाठी प्रसूती लाभ कायदा केला. त्याआधी 1928 मध्ये बाबासाहेबांनी कायदेमंडळात या विधेयकाची बाजू मांडली होती. मद्रास प्रांतात असा कायदा यायला आणखी काही वर्षे गेली. म्हणजे बाई कोणत्या प्रांतात राबते यावर तिचा हक्क ठरत होता.

जुलै 1942 मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. 7 ऑगस्ट 1942 रोजी दिल्लीत त्यांच्या अध्यक्षतेखाली त्रिपक्षीय कामगार परिषद भरली. सरकार, मालक आणि कामगार एका टेबलावर बसले. देशभर एकसारखे कामगार कायदे व्हावेत, हा परिषदेचा एक हेतू होता. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. बाबासाहेबांनी मालकाला बाहेर ठेवले नाही. कायदा त्यालाही समजला पाहिजे, पण त्याच वेळी आणि त्याच टेबलावर कामगारालाही समजला पाहिजे, असा या रचनेचा अर्थ आहे.

ते मजूरमंत्री असतानाच एप्रिल 1946 मध्ये औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायदा झाला. शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात पाळी, रजा, निलंबन, बडतर्फी यांचे नियम लेखी असावेत, असे बंधन मालकावर आले. मसुद्यावर कामगारांचे आक्षेप ऐकायचे. आणि मंजूर झालेले नियम बहुसंख्य कामगारांना कळेल त्या भाषेत, ते ज्या दारातून आत येतात त्या दाराजवळ फलकावर लावायचे. साहेबाच्या कपाटातला कायदा गेटवर आला!

पुढे काय झाले? 2017 च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेली दुकाने कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी या तरतुदींबाहेर काढली. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेने स्थायी आदेशांची मर्यादा शंभरवरून 300 वर नेली. याला ‘व्यवसाय सुलभता’ म्हणतात. सुलभता कोणाची, हे आकडेच सांगतात.

मालकाला कायदा समजावून सांगण्याला आमचा विरोध नाही. आज आपल्या वस्तीतूनही उद्योजक उभे राहत आहेत. ‘मला माहीत नव्हते’ म्हणून किमान वेतन बुडवण्याची मुभा त्यांनाही नाही. आमचा आक्षेप एकतर्फी माहितीला आहे.

म्हणून मित्रांनो, जयंतीच्या वर्गणीतून एक फलक उभा करा. त्यावर आपल्या भागातील किमान वेतनाचे चालू दर आणि सरकारी कामगार कार्यालयाचा पत्ता मराठीत लिहा. दर बदलले की फलकही बदला. ‘शिका’ या शब्दात पगाराची पावती वाचणेही येते.

जय भीम!